चव्वेचाळीस पायऱ्या

तळापासून दारापर्यंत चव्वेचाळीस पायऱ्या होत्या: अकराचे चार टप्पे. आईला त्या चढायला किती वेळ लागतो, हे धाकटी घड्याळ लावून बघे. प्रयोगशाळेतली सवय, दुसरं काय! बाबा गेले त्या वर्षी चार मिनिटं. दोन वर्षांनी अकरा. ऑपरेशननंतर आईने खाली उतरणंच सोडलं.

“खुर्चीत बसवून नेऊ का गं?” दादाने विचारलं.

“मी काय पोतं आहे? उचलून न्यायचं ते एकदाच न्या.”

म्हणून हे घर विकून तळमजल्यावर जायचं ठरलं. दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण. त्या अंगणाचा फोटो आईने उशाशी ठेवला. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं, एक निवृत्त मास्तर. पण त्यांच्या वकिलाने नोंदणी कार्यालयात शोध घेतला आणि मास्तर दारातूनच म्हणाले, “या घरावर दावा चालू असल्याची नोटीस आहे. माफ करा.”

नोटीस दादाचीच होती. बाबांनी घर धाकटीच्या नावावर केलं तेव्हा चिडून त्याने दावा ठोकला होता. तिने घर परस्पर विकू नये म्हणून नोटीसही नोंदवली होती. पुढे आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर दोघं रडली आणि भांडण तिथेच मिटलं. दादा तारखांना जाईना, दावा निकाली निघाला. नोंदवहीतली नोटीस मात्र आपोआप पुसली जात नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

“अहो, आम्ही मिटवलंय ते,” दादा कारकुनाला म्हणाला.

“घरी मिटलं असेल. इथे कुठे मिटलंय? कोर्टाच्या निकालाची नक्कल आणा, मग रद्द करू.”

नक्कल मिळायला नऊ आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी दुसरीकडे घर घेतलं. पाचव्यात अंगणाच्या खोल्या गेल्या. आईला कोणी सांगितलं नाही.

“अंगणात ऊन कधी येतं गं?”

“सकाळी,” धाकटी म्हणाली. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं.

“मग खुर्ची भिंतीकडे पाठ करून ठेव. डोळ्यांवर नको यायला.”

जिन्यात दादा म्हणाला, “माझ्या एका सहीने...”

“गप रे. मी सेकंद मोजत बसले आणि एकदा नोंदवही बघितली नाही.”

नोटीस रद्द झाल्याचा कागद शुक्रवारी मिळाला. दादा धावत वर आला. “आई, घर मोकळं झालं!”

“हं,” आई म्हणाली. “आता बांधाबांध करा.”

मंगळवारी सकाळी चौघांनी तिला खाली आणलं. पुढे मडकं धरून दादा होता. प्रत्येक वळणावर थांबावं लागलं. धाकटीने वरून निघताना घड्याळ पाहिलं होतं, खाली आल्यावर पुन्हा पाहिलं. चव्वेचाळीस पायऱ्या, सहा मिनिटं दहा सेकंद.