भिंगरीच्या पाठीवरचे तीन पट्टे

"उमटला! तिसरा पट्टा उमटला!"

भगवी शाल बाजूला झाली आणि नागप्पाच्या अंगणातली सगळी गर्दी एकदम पुढे रेटली. शालीखाली भिंगरी नावाची काळी कुत्री थरथरत उभी होती. तिच्या पाठीवरचे केस आडव्या ओळींत साफ गेले होते. आधीच्या दोन सोमवारी एकेक पट्टा गेला होता, आणि हा तिसरा आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. कपाळावर आपण भस्माची तीन बोटं ओढतो ना, हुबेहूब तसे. बायकांनी पदर पसरले. एका म्हाताऱ्याने तर कुत्रीपुढे लोटांगणच घातले.

"बघा रे बघा!" गावात मुक्कामाला आलेला भस्मेबाबा गरजला. "महादेवानं सोताच्या हातानं बोटं वढली! हे जनावर न्हवं, मागल्या जन्मीचा शरण हाय, शिवाचा भगत! देह ठिवायला तळमळून राहिलाय! दिवस मावळायच्या आत याला जित्ती समाधी द्या, पाऊस पळत येतो का न्हाई बघा. नवा जिल्हा झाला, लातुराला कलेक्टर बसला. पण नव्या जिल्ह्याला नवं देवस्थान नको? ते हितं हुईल!"

हितं म्हणजे नागप्पाच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर. शहाऐंशीच्या त्या दुष्काळात जळकोटच्या आसपास सगळे आड कोरडे ठक्क पडले होते आणि आमच्या शिवारात पाणी उरलेली ती एकच विहीर. समाधीवर मठ होणार, मठात बाबा बसणार आणि विहिरीचा दोर बाबाच्या हातात जाणार. आयत्या बिळावर नागोबा! खड्डा सकाळीच खणून तयार होता.

आमच्या लिंगायतांत मेलेल्याला बसवून, भस्म लावून समाधी देतात. ही रीत मेलेल्यांची. पण 'जित्ती' म्हणताना त्या गर्दीत एकाचीही जीभ अडखळली नाही, याचा मला फार संताप आला.

मी जनावरांचा डॉक्टर. गावाबाहेरच्या गुरांच्या छावणीवर माझी नेमणूक होती. ही कुत्री मला ठाऊक होती. उन्हाळ्याच्या तोंडाला ती एका कोरड्या आडात पडून रडत होती. शरणम्माने, म्हणजे नागप्पाच्या बायकोने, टोपली सोडून तिला वर काढले आणि स्वतःच्या घोटातले पाणी पाजून जगवले. बाईला मूलबाळ नव्हते. भिंगरी तिच्या पायांत घुटमळायची आणि शरणम्मा तिच्याशी अर्धे मराठीत, अर्धे कानडीत दिवसभर बोलायची.

दुसरा पट्टा गेला तेव्हा ती कुत्रीला घेऊन छावणीवर आली होती. मी कातडी खरवडून काचेवर घेतली, भिंगाखाली पाहिली. खरजेचा किडा दिसेना. नायट्याचीही खूण नव्हती. "काही लावलं होतं का हिला? तेल, जळकं ऑईल, राख?" मी विचारले होते.

"कायबी न्हाई लावलं, डॉक्टरसाब. आण घेते."

मी डोके खाजवत तिला परत पाठवले. आणि आज ती भिंगरीच्या गळ्याला मिठी मारून जमिनीवर बसली होती.

"न्हाई देणार मी! यव्वा, माझ्या हातानं काढलं तिला आडातनं, पुन्हा मातीत घालू?"

"शरणे, ऊठ," नागप्पा खालच्या आवाजात म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याचे बैल छावणीत हाडांचे सापळे होऊन उभे होते. "एका कुत्रीपायी सारं गाव तहानलेलं ठिवायचं का? लोक काय म्हणतील?"

दोघा गड्यांनी शरणम्माचे हात धरले. तिसऱ्याने कुत्रीच्या गळ्यात दोरी टाकली. ओढताच भिंगरी कळवळून ओरडली, मान वळवून पाठ चाटू लागली. मी गर्दी कापत पुढे गेलो. पाठीवर तिसऱ्या पट्ट्याची कातडी लालबुंद आणि ओली होती. मी वाकलो. बाबाने चार वाट्या लोबान पेटवला होता, पण त्या धुरातूनही एक वास नाकात शिरला. नासक्या अंड्यासारखा.

"शरणम्मा," मी म्हणालो, "बाबा हिला काही लावतात का?"

"काय लावणार? भस्म तेवढं भिजवून वढतात पाठीवर, शाल टाकतात, मंत्र म्हणतात आन तीर्थानं पुसतात."

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"भस्म का काय लावणं हाय व्हय, डॉक्टरसाब?"

खरेच होते तिचे. आमच्याकडे भस्म हे औषधही नाही आणि लेपही नाही. तोंड धुतल्यावर ते कपाळावर असतेच. माझ्याही कपाळावर त्या दिवशी होते. म्हणून तिला सांगावेसे वाटले नाही आणि मलाही नेमके तेच विचारायचे सुचले नाही. बाबाला मात्र आमची ही सवय पुरती कळली होती.

"महाराज, त्या बटव्यातलं चिमूटभर भस्म मला द्या."

बाबाचा हात बटव्यावर घट्ट झाला. "संसारी मानसाच्या अंगाला सोसायचं न्हाई ते."

"कुत्रीला सोसतं ना?"

"नास्तिक हाय ह्यो! देवाचा कोप हुईल!" तो ओरडला. गर्दी गुरगुरली. कुणीतरी माझा खांदा धरून मागे ओढले. दिवस कलत होता, आणि खरे सांगतो, माझी पाचावर धारण बसली होती. एवढ्या तहानलेल्या माणसांपुढे एकटा उभा असलेला मी. त्यांनी मला बाजूला ढकलले असते तर कुत्री संपलीच होती.

"नागप्पा," मी म्हणालो, "तुमच्या देव्हाऱ्यातलं भस्म आणा. एका हाताला ते लावतो, दुसऱ्याला बाबांचं. कोप झाला तर माझ्यावर होईल. तुमचं काय जातं?"

नागप्पा घुटमळला. मग आत गेला आणि भस्माची डबी घेऊन आला. बाहेर आल्यावर त्याने बाबापुढे हात पसरला. घरच्या मालकाने मागितले, सगळे बघत होते. बाबाला चिमूट द्यावी लागली.

मी बाह्या सरसावल्या. माझे हात अस्वलासारखे केसाळ. डाव्या हातावर घरच्या भस्माची तीन बोटं ओढली, उजव्यावर बाबाच्या. दोन्ही पाण्यात कालवून, जाड. वर तीच भगवी शाल घेतली. "म्हणा तुमचा मंत्र," मी बाबाला म्हणालो. तो म्हणेना.

हळूहळू उजवा हात चुणचुणू लागला, मग निखारा ठेवल्यासारखा भाजू लागला. मी दात आवळून बसलो. या मुक्या जिवाने हे तीनदा सोसले होते, आणि ती ओरडली तेव्हा आम्ही त्याला साक्षात्कार म्हणालो. तोच कुजका वास आता पुढच्या रांगेलाही आला. बायकांनी नाकाला पदर लावले.

"पाणी घाला," मी शरणम्माला म्हणालो.

तिने तांब्या ओतला. डाव्या हातावरचे भस्म वाहून गेले, केस जागच्या जागी. उजव्या हाताचे केस मात्र भस्माबरोबरच निघून आले. खाली तीन आडवे, लाल, गुळगुळीत पट्टे.

मी उठलो, खड्ड्याच्या दिशेने बोट दाखवले आणि म्हणालो, "चला. मलाही गाडा."

ज्याच्या हातात दोरी होती त्याने ती सोडून दिली.

"महाराज," नागप्पा म्हणाला. "तुमच्या दाढीला लावा की उलीसं."

बाबाने दाढीवर हात ठेवला आणि दाराकडे सरकला. दारात बायका उभ्या होत्या. त्या काही बाजूला झाल्या नाहीत. जळकोटहून शिपाई येईपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

त्याच्या बटव्यात चुना आणि हरताळ नावाचे पिवळे खनिज यांची पूड होती, भस्मासारखी दिसावी म्हणून राखेत मिसळलेली. जुन्या हमामखान्यांत अंगावरचे केस काढायला लोक हीच वापरायचे. पाणी लागले की ती केसांची मुळे सैल करते, कातडी जाळते. हरताळात सोमल असतो, म्हणजे चाटणाऱ्या कुत्रीच्या पोटात विष. शाल होती ती वेळ काढायला आणि लोबान होता तो वास मारायला. एवढाच काय तो महादेव! (माझ्यासारखा प्रयोग मात्र कुणी करू नये, हात महिनाभर सोलत होता.)

भिंगरीला मी ताक पाजले, पाठ वारंवार धुतली, खोबरेल लावले. तिने पाठ चाटू नये म्हणून शरणम्मा तिचे तोंड मांडीवर धरून बसून राही. ती वाचली. केस आले, थोडे पांढरट.

पाऊस? तो त्या वर्षीही नीट आला नाही. कुत्रीला गाडले असते तरी आला नसता. मग पुढच्या सोमवारी बाबाने दुसरा जीव मागितला असता, आणि एक गाडून बसलेल्या गावाला दुसऱ्याला नाही म्हणणे जड गेले असते. म्हणून हात जोडून सांगतो, देवाला जरूर माना, पण देवाच्या नावाने कुणी दुसऱ्याचा जीव मागू लागला, तर त्याला म्हणा, "आधी तुझ्या अंगावर करून दाखव." एवढे विचारल्याने कोणताही देव कोपत नाही.