नाकातलं वजन

पद्मजानं घरी बनवलेलं रॉकेट वाकडं गेलं आणि नेमकं साळूबाईच्या पुढ्यात येऊन आपटलं. साळूबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, भाकरी खात बसली होती. ती किंचाळली नाही, पण तिच्या हातातला घास तसाच राहिला. तिचा नवरा पुंजाराम वावराचा मालक. तो शांतपणे म्हणाला, "अजून एक बार उडव, पोरी. वाकडं गेलं तर वावर बंद."

पद्मजानं रॉकेट उचललं. चितेगावच्या अंगाला इतकं मोकळं वावर दुसरं कोण देणार? आणि सरळ उड्डाणाचा व्हिडिओ दाखवल्याशिवाय रॉकेटच्या स्पर्धेत तिला कुणी उभं करणार नव्हतं.

पुंडलिकनगरला घरी आल्यावर ती जेवायलाही बसेना. जानेवारीत हेच रॉकेट बाणासारखं सरळ गेलं होतं, तेव्हा नेमका व्हिडिओ काढला नव्हता; मग आत्ताच याच्या अंगात काय आलं? पंख बघितले, नळी बघितली. शेवटी रॉकेटचं प्लास्टिकचं टोक कानाशी धरून हलवलं, तर आत छनछन वाजलं. उघडलं तर मुंग्या.

आता हसावं की रडावं! रॉकेट सरळ जायला त्याचं नाक, म्हणजे टोक, जड लागतं, म्हणून तिनं टोकात सायकलचे छर्रे भरले होते. ते पक्के बसवायचे होते आणि दिवस होते संक्रांतीचे. तिची आई प्रमोदिनी चिक्की करत होती. पद्मजानं कढईतला गुळाचा पाक जरा निवू दिला आणि छर्‍यांवर ओतला. थंडीत तो दगडासारखा बसला. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीनं हे करावं! मार्चच्या उन्हानं गुळाला पाझर फुटला, छर्रे सुटले, आणि उडताना झटक्यासरशी नाकातलं वजन मागं नळीकडं घरंगळलं.

मग तिनं पाक धुऊन काढला, छर्रे परत भरले आणि एपॉक्सीचा पक्का गोंद ओतला. दुसऱ्या दिवशी हलवून बघितलं तर आता अख्खा गोळाच खुडुक खुडुक वाजत होता. प्लास्टिक इतकं गुळगुळीत, की एपॉक्सीनं त्याला धरलंच नव्हतं. गोळा सबंध बाहेर आला.

पाडवा तोंडावर होता. प्रमोदिनीनं गुलमंडीहून साखरेची गाठी आणली होती. विचार करता करता पद्मजानं गाठीतलं एक पदक ओढलं. ते काही दोऱ्यावरून निघेना. साच्यातून तर हेच पदक अलगद सुटून आलं असणार, मग दोरा का सोडत नाही? कारण साखर दोऱ्याभोवती थिजलेली असते.

"आई, अगरबत्तीच्या काड्या कुठंयत?"

"पूजा करणारेस?"

"भोकं पाडणारेय."

प्रमोदिनीनं देवघराकडं बोट दाखवलं, अनुभव होता. पद्मजानं टोकाला आरपार भोकं पाडून दोन काड्या आडव्या घातल्या आणि छर्रे व काड्या बुडतील इतकं नवं एपॉक्सी ओतलं. ते वाळल्यावर बाहेर आलेल्या काड्या कापल्या. मग टोक फरशीवर आपटलं, हलवलं, पुन्हा आपटलं. आवाज नाही.

पुन्हा वावरात गेल्यावर पद्मजानं झाला प्रकार सांगितला, तेव्हा साळूबाईनं ते टोक मागून घेतलं, कानाशी धरून हलवलं. "वाजत नाय," म्हणाली, आणि धुऱ्यावर आधीच्याच जागी जाऊन बसली.

पद्मजा तिच्यामागं धावली. "काकू, मागं या ना, काकांजवळ."

"का? पक्कं केलंस न्हवं?"

"केलंय. पण उडाल्याशिवाय मला तरी कुठं कळतंय?"

पुंजाराम हसला. "मागल्या बारीला म्हनली व्हती, काही होत नाय. आता शानी झाली. ये गं मागं."

साळूबाई उठून नवऱ्यामागं उभी राहिली. पद्मजानं मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला आणि उड्डाणाचं बटण दाबलं. रॉकेट सुर्रकन वर गेलं, सरळ, इतकं सरळ की तिला मान मागं टाकावी लागली. वर पॅराशूटची छत्री उघडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"काका, वावर?"

"मला काय इचारती? जिच्या पुढ्यात पडलं व्हतं तिला इचार."

साळूबाईनं पदर नीट केला. "परत उडव," ती म्हणाली. "मी लई भ्याले व्हते. डोळंच मिटून घेतलं, काय बगितलंच नाय."