दुसऱ्या कंठातला जन्म

ज्याने पोकळ वेळूला स्वर दिला आणि मुक्या दगडालाही पाझर दिला, त्या नादरूप परमेश्वराला आधी वंदन.

मी एक गीत बोलतोय. तसा जुनाच, लोकांना तोंडपाठ असलेला; पण दुसऱ्या कंठातून पुन्हा जन्मलेला. 'नक्कल' म्हणून मला हिणवणाऱ्यांनी माझी जन्मकथा ऐकावी, मग खुशाल नाके मुरडावीत.

चाळीस वर्षांपूर्वी एका तरुण गायकाने मला धावत्या ठेक्यावर गायले. न्हाव्याच्या दुकानापासून शाळेच्या सहलीपर्यंत मी गाजलो. मग एका विख्यात गायिकेने मला मागून घेतले. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे तिचे हे पहिलेच ध्वनिमुद्रण. माझी जी ओळ तो तरुण एका दमात गाई, तिच्यात तिला दोनदा श्वास घ्यावा लागे. म्हणून तिने ठेकाच संथ केला, आणि माझ्या शब्दांना प्रथमच मोकळेपणाने बोलायला सवड मिळाली.

ध्वनिमुद्रकाची एक सवय होती. गाणे कुणाचेही असो, मधले श्वास तो कापून टाकी. त्याने माझेही कापले आणि माझी चाल बांधणाऱ्या वृद्ध संगीतकारांना ऐकायला बोलावले. त्यांनी संमती नाकारली असती, तर मी तिथेच पुसला गेलो असतो.

ऐकून ते म्हणाले, "स्वच्छ आहे हो. फरशी पुसल्यासारखं. पण गातंय कोण?"

"मीच, काका," गायिका म्हणाली आणि ध्वनिमुद्रकाकडे वळली. "माझे श्वास कुठं गेले रे?"

"ताई, धाप ऐकू येत होती. लोक म्हणतील, बाईंचा गळा संपला."

"म्हणू देत! माझी धाप काय चोरीची आहे? ठेव परत जिथल्या तिथं. नाहीतर सगळंच पूस."

त्याने श्वासांसकटचे तिचे मूळ मुद्रण लावले. काका डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"माझ्या चालीत एवढी जागा होती, हे मलाच ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "आणा तो संमतीचा कागद. आणि माझा चष्मा शोधा आधी, नाहीतर भलतीकडेच सही करीन."

आजही कुणी मला पहिल्या गायनाशी ताडून दोष मोजतात. मोजोत बापडे! त्या तरुणाची जागा मी मागितली नाही. माझी मात्र सोडणार नाही. श्वास देणाऱ्यासमोर धापेची लाज कसली?

ऐकणाऱ्या प्रत्येकाचा श्वास सुखरूप राहो. घरोघरी दमल्याभागल्या माणसालाही गाण्याचे बळ मिळो, आणि त्याचे गाणे ऐकायला कुणीतरी जवळ बसलेले असो.