पांढरा पट्टा कुणीकडे

टोपी फुगली होती त्याची… वायरलेसच्या बोर्डावरचा, बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर, पण माथा वर आलेला, कडेला सुकलेला तपकिरी ओघळ. हार्लननं तो डोळ्यांजवळ न्यायचा प्रयत्न केला. बोटांनी ऐकलं नाही, आणि तो टेबलाखाली टपकला. बायकोनं, व्हर्नानं, वाकून उचलला. बोलली काहीच नाही. इतक्या वर्षांत ती जे जे बोलली नाही ते आठवायला बसलं तर – पण नको.

वायरलेस बंद पडून दोन रविवार झाले होते. रविवारी दहाला हजेरी – सुपीरियर सरोवराच्या काठची नऊ म्हातारी माणसं आपापल्या घरातून वायरलेसवर आपलं संकेतनाव सांगायची. त्यांतला आयनार वर सरहद्दीजवळ एकटा. आठवडाभरात माणसाशी बोलायचा तो तेवढाच, आणि त्याचा क्षीण आवाज हार्लनच्या उंच अँटेनाशिवाय कुणाला सापडायचा नाही. आजही रविवार, साडेनऊ झालेले. आयनार खुर्ची ओढून बसला असेल, तिसऱ्या रविवारीही…

व्हर्नानं सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न नव्या कपॅसिटरच्या पायाला टेकवलं. सोल्डर वितळलं, चकचकीत थेंब बसला, आयर्न उचललं. दोन श्वासांत सगळं. बेकरीत तीस वर्षं केकवर नावं काढलेला हात! आपल्याला ऐन उमेदीत एवढं स्वच्छ जमलं नव्हतं, हे त्याला कबूल करावं लागलं. हेवा वाटेल म्हणून तो वाट पाहत होता, पण मन भरून येत होतं ते नुसत्या कौतुकानं.

"आता शेवटचा, मोठा," तो म्हणाला. "त्याचा पट्टा बोर्डावर छापलेल्या गोलाच्या पांढऱ्या अर्ध्याकडे. पट्टा मायनस, पांढरं मायनस. डोळे मिटून लाव."

"डोळे मिटून तूच लाव. जुना उलटा बसला होता."

"शक्यच नाही. काहीतरी बोलू नकोस."

तिनं वाणसामानाच्या यादीची पाठ पुढे सरकवली. सात गोल, प्रत्येकात पट्ट्याची रेघ. एकेक जुना कपॅसिटर काढण्याआधी तिनं तो जसा होता तसा कागदावर उतरवला होता. हार्लननं आयुष्यात असं काही रेखाटलं नव्हतं. ते शिकाऊंचं काम. तणतणत त्यानं मीटर मागितला, तारा तिच्याच हातांनी टेकवायला लावल्या. मायनस पांढऱ्याच्या पलीकडे निघाला. ह्या घडणीच्या बोर्डांवर मोठ्याची छपाईच उलटी…

ह्या घडणीच्या – आणि एकदम तळघर आठवलं. व्हर्नाच्या आईचा रेडिओ त्यानं दुरुस्त केलेला, असाच बोर्ड, पांढऱ्याकडे पट्टा, डोळे मिटून. धाडकन आवाज, धूर, घरभर कुजक्या माशांसारखा वास. "मालच खराब निघाला," असं तो म्हणाला होता, आणि खरंच तसं मानत आला होता. "असेल," व्हर्ना म्हणाली होती. त्या हिवाळ्यात तिची आई रेडिओशिवाय गेली.

"हे कागदावर काढून ठेवायचं कसं सुचलं तुला?" त्यानं यादी स्वतःकडे ओढली.

"एकदा फुटलेला पाहिलाय मी," ती म्हणाली, आणि शेवटचा थेंब बसवला.

पाहिलाय… म्हणजे चूक आपली होती हे तिला तेव्हाच कळलं होतं? का आत्ता, मीटर पाहताना? विचारावं. नको. विचारायलाच हवं, पण दहाला सहा मिनिटं होती, तिकडे आयनार, आणि तिचं बोट स्विचवर.

"दाबू?"

हार्लननं मान डोलावली. थरथरता हात तो एरवी मांडीखाली सारायचा. आज तो टेबलावर, तिच्या हाताला लागून, तसाच राहिला.