ठिपका थांबला की धावायचं

मेंढरं वाटाण्यात शिरली होती. माझ्या वाटाण्यात! शेंगा नुकत्या भरत आलेल्या, कडाक्याच्या थंडीत बोटं वाकडी होईपर्यंत मी त्याला पाणी पाजलेलं, आणि हा घुम्या मेंढपाळ बांधावर फोनात तोंड खुपसून बसलेला.

"अरे ए मेल्या!" काठी घेऊन मी धावले. "डोळे फुटले का तुझे? कळप चरतोय कुठं, तू बघतोयस कुठं?"

एरवी हा माणूस खाली मान घालून शिव्या ऐकून घेतो, म्हणून तर गावानं त्याला घुम्या नाव ठेवलंय. बायको गेल्यापासून तर होतं नव्हतं ते बोलणंही आटलं. मला गाव आग्यामोहोळ म्हणतं. म्हणेना का! दिवसभर घरात बोलायला माणूस नाही, मग एखादं भांडण सापडलं की मला ते सोडवत नाही.

पण त्या दिवशी त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तोंड पांढरंफटक पडलेलं. फोन माझ्यापुढं धरून म्हणाला, "मावशी, ठिपका थांबलाय."

"कसला ठिपका?"

"पोरीचा."

बघते तर फोनात वाटांच्या रेघा आणि मधे एक निळा ठिपका. पोर म्हणजे त्याची बारा वर्षांची भिंगरी. शाळा पलीकडच्या गावात, आणि वाट जुन्या दगडखाणीच्या कडेनं. खाणीत पाणी साठलेलं, हिरवंगार, किती खोल ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून यानं पोरीच्या गळ्यात एक लहानशी डबी अडकवली होती. डबी जाईल तिथं याच्या फोनात ठिपका सरकायचा.

"म्हणजे लेकरावर चोरून पाळत ठेवतोस?" मी म्हटलं. जीभच मेली तशी, वेळ बघत नाही का काळ बघत नाही.

"चोरून कशाला? तिला विचारून घातलीय. शाळेत जाता-येता मी बघायचं, घरी पोचली की तिनं बंद करायची, असं ठरलंय आमचं." एवढं बोलला आणि पळतच सुटला. पळता पळता ओरडला, "घंटा थांबली की धावायचं, मावशी! तेही ठरलंय!"

ते मात्र मला लगेच कळलं. मेंढराच्या गळ्यातली घंटा चरताना वाजत असते, तोवर मेंढपाळ मान वर करत नाही. आवाज बंद झाला की उठतो. जनावर खड्ड्यात अडकलेलं असतं, नाहीतर काहीतरी भलतं खाऊन आडवं पडलेलं असतं. हा पोरीच्या बाबतीतही तेच धरून बसला होता.

मीही निघाले त्याच्या मागं. वाटाणा गेला खड्ड्यात! ढेकळं तुडवत, समोरून झोंबणारं वारं खात, या वयात अशी पळाले की कुणी बघितलं असतं तर हसून हसून लोळलं असतं. ते हिरवं पाणी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

खाणीपाशी पोचलो तर भिंगरी अलीकडच्या सपाट दगडावर बसलेली. मांडीवर दप्तर, पाय हलवत वाटेकडंच बघत होती. अंगावर साधा ओरखडाही नाही. बाप दिसला आणि तिचं तोंड असं उजळलं!

"पडलीस? कुणी अडवलं? काय झालं?" घुम्याला धड श्वास घेता येत नव्हता.

"काही नाही."

"मग थांबलीस का?"

ती दप्तराचा पट्टा पिळत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "तू येतोस का ते बघत होते."

त्याचा हात उठला. मी मधे पडले. "खबरदार! लेकराला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे."

हात तसाच खाली आला आणि हा माणूस तिथंच मातीत फतकल मारून बसला. "उद्या खरंच काही झालं," तो म्हणाला, "आणि मला वाटलं, ही आपली थट्टा करतेय... मी उठलोच नाही तर? सांग ना, मी उठलोच नाही तर?" त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पोरगी रडायला लागली. "घरी गेलं की कुणी नसतं. मी डबी बंद करते, आणि मग मला कुणीच बघत नसतं. अंधार पडेपर्यंत कुणीच नाही."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझा मुलगा शहरात. मागं आला तेव्हा एक चांगला फोन देऊन गेला, रोज बोलू म्हणाला. तो फोन डाळीच्या डब्यामागं पडून होता, आणि त्याची रोजची वाट बघणंही मी तिथंच ठेवून दिलं होतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी करवादलेच, "रडतेस काय? तुझ्या बापाच्या मेंढरांनी माझा वाटाणा खाल्लाय. उद्यापासून शाळा सुटली की माझ्याकडं यायचं, उरलेल्या शेंगा सोलू लागायच्या. आणि थांबावंसं वाटलं तर माझ्या ओट्यावर थांबायचं. खाणीवर नाही."

"पुन्हा नाही थांबणार," ती बापाकडं बघून म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली.

पोर यायला लागली. शेंगा कमी सोलायची, बडबड जास्त करायची. एकदा विचारते, "आजी, तुम्ही कुणाच्या फोनात दिसता?"

"मला कोण बघतंय? मी काय हरवणार आहे?"

"पडलात तर?" तिनं डब्यामागचा फोन शोधून काढला. "तुम्ही हो म्हणालात तरच बाबाच्या फोनात तुमचा ठिपका लावते."

"लाव बाई, लाव. माझं काय सोनं लुटलं जाणार आहे!" असं म्हणाले खरी, पण त्या दिवसापासून शेतात-गोठ्यात जाताना फोन कमरेच्या पिशवीत जायला लागला. संध्याकाळी भिंगरीनं तो ठिपका बंद करायचा, असं आमचंही ठरलं.

थंडी आणखी वाढली. एका सकाळी गोठ्यात पाय घसरला आणि मी दाणकन आपटले. उठायला जाते तर पाय टेकवेना. फोन काढायला गेले तर हातच अंगाखाली अडकलेला. हाका मारल्या. गायीनं तेवढं माझ्याकडं वळून बघितलं. जमीन बर्फासारखी, पोर शाळेत, वाटेवर चिटपाखरू नाही. मुलाला कधी कळेल, याचा विचार करत पडून राहिले. कळेल आठवड्यानं, तेही कुणी कळवलं तर. फार रडले मी तेव्हा, ऐकायला गायीशिवाय कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडले.

आणि मग ढेकळं फुटल्याचा आवाज आला. कुणीतरी पळत येत होतं.

"मावशी!" घुम्या दारात. हातात काठी नाही, एका पायात चप्पल नाही. "ठिपका कधीचा हलेना तुमचा."

त्यानं मला उचलून घरात आणलं, अंगावर घोंगडी टाकली, चूल पेटवली. मला जरा ऊब आली तेव्हा आठवलं.

"अरे, कळप कुठं सोडून आलास?"

त्यानं दाराबाहेर बघितलं. उघड्या दारातून मला दिसलं. सगळी मेंढरं माझ्या वाटाण्यात होती. शेवटचे भरलेले वाफे, बियाण्याला म्हणून राखलेले, त्यातच तोंडं घालून मजेत चरत होती. साऱ्या घंटा वाजत होत्या.

घुम्या खाली मान घालून उभा राहिला. शिव्यांची वाट बघत असावा बिचारा.

"चरू दे मेल्यांना," मी म्हटलं. "तू बस जरा."