चार बोटं पश्चिमेला

यंदाच्या सुगीच्या उत्सवात मळणीयंत्र चालणार नाही, असं आमच्या गावच्या जुन्या शेती-अवजारांच्या संग्रहालयाच्या समितीनं ठरवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं ते यंत्र माझ्या नवऱ्यानं, डीट्रिखनं, चालवलं. तो मार्चमध्ये गेला. आता चालवणारं कोणी उरलं नाही, असं अध्यक्ष इस्ब्रांड फुंक म्हणाला. मी समोरच बसले होते, पण त्याच्या खिजगणतीत नव्हते.

मी चालवीन म्हटलं. बरीच खळखळ करून त्यानं शनिवारी दुपारी एकपर्यंतची मुदत दिली. तोवर दाणा पडला नाही, तर यंत्र कायमचं शोभेला.

शनिवारी इस्ब्रांडनं सुतळी धरून ट्रॅक्टर आणि यंत्र अगदी एका रेषेत उभे करवले. मधे ट्रॅक्टरच्या जोरावर यंत्र फिरवणारा तीस हात लांब पट्टा. ट्रॅक्टर सुरू झाला, पट्टा दोन फेरे फिरला आणि चाकावरून घसरून गवतात पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कलिंगड आणि तळलेल्या पोळ्या खात बसलेली मंडळी हसायला लागली. इस्ब्रांड पट्ट्यालाच नावं ठेवायला लागला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

साडेबारा वाजले. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण पट्टा दर वेळी पूर्वेलाच पडत होता, आणि वारा पश्चिमेचा होता. आमच्या माळरानावर त्याला अडवायला झाडसुद्धा नाही.

"ट्रॅक्टर चार बोटं पश्चिमेला घ्या," मी म्हटलं.

"सुतळी लावून उभा केलाय, आगनेता. वाकडा कशाला करतेस?"

"सुतळीला वारा लागत नाही, इस्ब्रांड. पट्ट्याला लागतो."

तो जागचा हलेना. मग मीच घागरा गुडघ्यापर्यंत खोचून ट्रॅक्टरवर चढले आणि पुढे-मागे करत तो हवा तिथे आणला.

या वेळी चढवलेला पट्टा टिकला. ओंब्या पुढे करून मी पेंढ्या यंत्रात टाकत गेले आणि एकला दहा मिनिटं असताना पोत्यात गव्हाची धार लागली. मला डीट्रिखची आठवण आली, आणि त्याचा रागही आला. एवढं सांगून जायला काय झालं होतं त्याला?

तेवढ्यात इस्ब्रांड पेंढ्या उचलायचा लांब दांड्याचा काटा घेऊन शेजारी आला.

"मी कुठं उभा राहू?" त्यानं विचारलं.

चाळीस वर्षं गावच्या प्रत्येक कामात मी कुठं उभं राहायचं, ते तोच सांगत आला होता. मी हातानं जागा दाखवली. तो तिथं जाऊन उभा राहिला.