तांबेरा नव्हता तो

मित्रांनो, मी एक जुना नेचा आहे. कोलंबियातल्या कॉफीच्या डोंगरावर, एका घराच्या ओसरीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात मी वाढलो. माझ्या जातीला नाव नाही. आता ते मिळेल असेही वाटत नाही.

मला अरासेलीने आणले. ओढ्याकाठची दरड कोसळली आणि मी मुळासकट खाली पडलो होतो. तिने मला टोपलीत घालून घरी नेले. तिचा नवरा एवेलियो हसला.

"कॉफी तोडायला गेलात आणि गवत घेऊन आलात?"

"गवत तुमच्या खेचराला घाला. हा माझा आहे."

मी जोमाने वाढलो. माझ्या देठांवर सोनेरी लव होती. वाटेने जाणाऱ्या बायका थांबून म्हणत, "अरासेली, एक फुटवा दे ना गं." पण मला फुटवे येत नाहीत.

इकडे माणूस कुठलेही पान आधी उलटून बघतो. कॉफीवर तांबेरा पडतो तो पानाच्या पाठीवर. एका वर्षी त्याने यांची सगळी बाग खाल्ली होती. त्यामुळे माझ्या पानांमागे तपकिरी ठिपके आले तेव्हा अरासेली घाबरली. तिने तंबाखूचे पाणी केले, फडके भिजवले आणि ठिपके पुसून काढले. नव्या पानांवर ते पुन्हा आले, तिने पुन्हा पुसले. नेच्याला फूल नसते, बी नसते. त्याची पुढची पिढी त्या ठिपक्यांतच असते. हे मी तिला सांगू शकलो नाही. पण तिचा हात हलका होता. मला तिचा कधी राग आला नाही.

मग ती आजारी पडली. खाटेवरून म्हणाली, "अहो, त्याची पानं बघत जा. स्वतःचं तोंड नाही धुतलंत तरी चालेल."

ती गेली. एवेलियो तिच्याहूनही कसून पुसू लागला. त्याला दुसरे काही करावेसे वाटत नसे.

पुढे नेच्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर मारिलूसबाई पावसात अडकून ओसरीत आल्या. त्यांनी भिंग काढून माझे देठ पाहिले.

"काका, असा नेचा मी कुठेच पाहिला नाही. नवी जात दिसते. हिला नाव द्यावं लागेल. कुणी लावला हा?"

"माझ्या बायकोनं. अरासेलीनं."

"मग तिचंच नाव देऊ."

एवेलियोने डोक्यावरची टोपी काढली. बाईंनी पान उलटले. दुसरे उलटले. मग सगळी.

"पानामागचे ठिपके कुठे गेले?"

"शोधून दाखवा एक तरी!" तो अभिमानाने म्हणाला. "तांबेरा रोज पुसतो, डॉक्टरबाई."

"काका, तो तांबेरा नव्हता हो. ते ठिपके कसे बसतात, त्यावरूनच आम्ही जात ओळखतो. ते पाहिल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही."

तो बाकावर बसला. पाऊस थांबला तरी उठला नाही.

दोघे ओढ्यावर जाऊन आले. तिथे आता अ‍ॅव्होकॅडोची बाग आहे आणि ओढा नळात गेला आहे. माझ्यासारखा एकही सापडला नाही. मग ते माझ्या नव्या पानांची वाट पाहू लागले. पण माझे खोड आतून कुजले आहे. पाने येतात ती बोटाएवढी, आणि कोरी. बाईंनी त्यातले एक वर्तमानपत्रात दाबून नेले. त्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव आहे, नेच्याचे नाही.

मित्रांनो, ज्याला जपायचे आहे त्याची आधी नीट माहिती करून घ्या. अंगावर डाग दिसला तर पुसण्याआधी कुणाला तरी विचारा. माझ्यावर माया कमी झाली नाही. त्या मायेनेच माझे कूळ संपवले.

आज सकाळी एवेलियोने माझे शेवटचे पान उलटले. भिंग नसल्यामुळे त्याने ते डोळ्यांजवळ नेले. पान अगदी स्वच्छ होते.